किल्पेकला पहिल्यांदा जाताय? लगेच आत शिरू नका!

इंग्लंडच्या हेरफर्डशरमधलं हे चर्च साधारण ११४० चं, म्हणजे इंग्लंड रोमच्या पोपच्या सत्तेपासून फुटायच्या जवळजवळ चारशे वर्षं आधीचं. आधी वळचणीखालून फेरी मारा, दुर्बीण घेऊनच. तिथे ८५ कोरीव दगडी टेकू उरलेत. त्यातले कुत्रा आणि ससा तर थेट कार्टूनमधले वाटतात! एका टेकूवर कोरलेली निर्लज्ज बाईही दिसेल. दचकू नका, तीही चर्चचीच. मग दक्षिणेचं दार. तांबड्या वालुकाश्मातली नक्षी इतकी ठसठशीत, की वय पटत नाही. कमान अर्धगोल असली की नॉर्मन, म्हणजे अकराव्या-बाराव्या शतकातल्या शैलीची समजायची, टोकदार असली की नंतरची गॉथिक. आत पूर्वेचा अर्धवर्तुळाकार गाभारा तेवढा चुकवू नका. वेळ उरलाच तर पश्चिमेला पडक्या किल्ल्याचं टेकाड आहे.