स्वामीजी राजीनामा देतात की पद सोडतात?

एका ताईंनी विचारलंय, की त्यांच्या माहितीतल्या एका मठाच्या स्वामीजींनी वैयक्तिक कारणासाठी पद सोडलं, तर कुणी लिहिलं 'राजीनामा दिला', कुणी 'पायउतार झाले', कुणी 'निवृत्त झाले', यातलं बरोबर काय?

हा प्रश्न माझ्यापुढं एकदा कागदावरच आला होता म्हणून जरा सविस्तर सांगतो. माझं सोलापुरात डीटीपीचं काम आहे, लग्नपत्रिका, निवेदनं, यात्रेचे बोर्ड असलं सगळं. तीनचार वर्षांमागं एका मठाचे दोन भक्त हातानं लिहिलेलं निवेदन घेऊन आले, त्यात 'वैयक्तिक कारणास्तव मठाधिपती पदाचा राजीनामा दिला आहे' असं होतं. मी टाईप करून प्रूफ दिलं. त्यातले वयस्कर काका, घरी कन्नड बोलणारे, त्यांनी बॉलपेननं 'राजीनामा'वर आडवी रेघ मारली आन् म्हणाले, "राजीनामा कुणाला दिला सांगा की. मठात अप्पांच्या वर कोण हाय?" (अप्पा म्हणजे स्वामीजी.)

सगळं उत्तर त्या एका प्रश्नात आहे बघा. राजीनामा म्हणजे मूळ फारसी वळणाचा शब्द, राजी असल्याचा कागद. आपण 'राजीखुशीने' म्हणतो त्यातला राजी तोच. हिंदी-उर्दूत राजीनामा म्हणजे आजही कोर्टातली तडजोड, दोन्ही पार्ट्या राजी झाल्या त्याचा लेख, नोकरी सोडायला ते इस्तीफा म्हणतात (त्या अरबी शब्दाची आणि आपल्या 'माफी'ची मूळ धातू एकच, म्हणजे मला यातून मोकळं करा अशी विनंती). आपल्याकडं इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्याच्या महसुली कारभारात 'राजीनामा-कबुलायत' अशी जोडीच होती, जमीन सोडणारा राजीनामा लिहून द्यायचा आणि घेणारा कबुलायत. जमीन सोडण्यावरून नोकरी सोडणं हा अर्थ किती सहज जुळतो ते दिसतंच. आणि आपल्या सोलापूरपुरतं सांगायचं तर मराठीत राजीनामा, कन्नडमध्ये राजीनामे, तेलुगूत राजीनामा, तिन्ही घरांत शब्द एकच आणि अर्थही एकच, त्यामुळं तो तोंडात आधी येतो यात कुणाची चूक नाही.

पण राजीनामा दिला की तो घेणारा कुणीतरी लागतो, तो मंजूर होतो, नामंजूर होतो, मागं घेतला जातो. देवस्थानच्या ट्रस्टचा विश्वस्त, पगारावर नेमलेला पुजारी, चर्चच्या कमिटीनं नेमलेले पाळक, यांच्यासाठी राजीनामा हा शब्द एकदम बरोबर. कॅथलिक चर्चमध्ये तर हा फरक नियमातच स्पष्ट दिसतो. बिशप ७५ वर्षांचे झाले की पोपकडं राजीनामा सादर करतात आणि पोप तो स्वीकारतात, म्हणजे तो राजीनामाच. पण पोपनी स्वतः पद सोडायचं ठरवलं तर त्यांच्या कायद्यात लिहिलंय की ते स्वेच्छेनं आणि रीतसर जाहीर झालेलं असावं, कुणी स्वीकारायची गरज नाही. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी ११ फेब्रुवारी २०१३ ला लॅटिनमध्ये तसं जाहीर केलं आणि २८ फेब्रुवारीला पद सोडलं, त्याआधी पद सोडणारे पोप म्हणजे बारावे ग्रेगरी, १४१५ सालचे, म्हणजे जवळजवळ सहाशे वर्षांनी हे घडलं. आपल्याकडं तेव्हा 'पोपचा राजीनामा' असंच सर्रास म्हटलं गेलं, पण माझ्या मते तिथं 'पदत्याग' हाच शब्द हवा होता, कारण वर घेणारं कुणी नाही.

'पायउतार' मात्र अशा ठिकाणी वापरूच नये असं मला वाटतं. घोड्यावरून, पालखीतून खाली उतरून पायी होणं हे त्यामागचं चित्र, पण आता 'पायउतार व्हा' ही मोर्चातली घोषणा झालीय आणि वाचणाऱ्याला वाटतं यांना कुणीतरी उतरवलं. 'पदच्युत' तर त्याहून वाईट, च्युत म्हणजे पडलेला. 'निवृत्त'ची अडचण वेगळी आहे. ज्यानं भगवी घेतली तो प्रपंचातून निवृत्त झालेलाच आहे, त्याला परत निवृत्त कसं म्हणायचं, पेन्शनचा वास येतो त्याला. 'गादी सोडली' हे साधं, आपलं आणि बोलण्यात छान.

आता 'वैयक्तिक कारणास्तव'. यातला 'स्तव' हा शब्दयोगी, म्हणजे 'मुळे', त्यामुळं 'कारणास्तवामुळे' असं जे कधीकधी दिसतं ते चूक. ऑफिसच्या अर्जात वैयक्तिक कारण चालतं, कारण तिथं माणसाला घर असतं, बायकापोरं असतात. स्वामीजींनी पूर्वाश्रमीचं नाव सोडलं, घर सोडलं, मग त्यांचं वैयक्तिक ते काय, असं वाचणाऱ्याच्या मनात येतं आणि नको त्या चर्चा सुरू होतात, त्यांना त्रास होतो. स्वामीजींना कारण सांगायचं असेल तर सरळ 'प्रकृतीच्या कारणास्तव' लिहावं, बेनेडिक्टनीसुद्धा ८५ व्या वर्षी वयामुळं शक्ती कमी पडते असं स्वच्छ सांगितलं होतं. नसेल सांगायचं तर 'स्वेच्छेने' एवढं पुरतं.

त्या दिवशी काकांना मी विचारलं, तुमच्यात काय म्हणतात? ते म्हणाले, "स्वामिगळु पीठ बिट्टरु." स्वामींनी पीठ सोडलं, बास. पेपरात पीठत्याग लिहितात म्हणाले. मग आम्ही दोघांनी बसून वाक्य केलं, 'परमपूज्य महास्वामीजींनी स्वेच्छेने मठाधिपतिपदाचा त्याग केला आहे', आणि तेच छापलं. ताई, तुम्हीही असंच लिहा, फक्त 'पदत्याग दिला' होत नाही, 'केला' पाहिजे, आणि मठाधिपतिपद लिहिताना समासात 'ति' ऱ्हस्व.