वाचकांचे प्रश्न : व्यायला टेकलेल्या शेळ्या आणि राखणीचा कुत्रा

शेळ्या व्यायला लागल्या की कळपात राहणाऱ्या राखणीच्या कुत्र्यांबद्दलची पत्रं वाढतात. एकाच मुद्द्यावरचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमचा ग्रेट पिरनीज कुत्रा १४ महिन्यांचा आहे. मोठ्या शेळ्यांत अगदी शहाण्यासारखा वागतो. येत्या पंधरवड्यात शेळ्या व्यायला लागतील. त्याला कळपातच राहू द्यावं का?

उत्तर : तुमची नजर असेल तेव्हाच. रात्री तर नकोच. पिरनीज, मरेम्मा, अ‍ॅनाटोलियन, कंगाल या जातींची कुत्री अंगाने वर्षभरात मोठी होतात, पण डोक्याने पक्की व्हायला दीड ते दोन वर्षं लागतात. मोठी शेळी शिंग दाखवून अशा पोरकट कुत्र्याला जागेवर ठेवते. करडू मात्र उड्या मारतं, पळतं, ओरडतं आणि कुत्र्याला ते खेळाचं आमंत्रण वाटतं. मग पाठलाग, कान चावणं, पंजाने दाबणं सुरू होतं. त्यात रागाचा भाग नसतो, पण तीन किलोच्या करडाला चाळीस किलोचा खेळ झेपत नाही.

त्याला दूर कुठे बांधून ठेवणंही चुकीचं. दिवसभर साखळीला असलेला कुत्रा सुटला की दुप्पट उधळतो आणि करडांचा वासही त्याला नवाच राहतो. व्यायच्या कप्प्यांना लागून जाळीपलीकडे त्याची जागा करा. वास, आवाज, हालचाल सगळं कळावं, स्पर्श मात्र होऊ नये. जाळीची भोकं लहान हवीत. १५ सेंटिमीटरच्या चौकोनातून नवं करडू सहज पलीकडे जातं, म्हणून खालच्या दोन फुटांना फळी किंवा बारीक जाळी लावा.

करडं आठवड्याभराची होऊन टणटणीत झाली की कुत्र्याला पट्ट्यावर आत न्या. आधी त्याला फिरवून, खाऊ घालून थकवा. सुरुवातीला १५–२० मिनिटं पुरेत. मान खाली, नजर बाजूला, चाल संथ आणि मग स्वतःहून आडवा होणं, हे चांगलं वागणं. एकाच करडावर नजर रोखणं, दबकून पुढे सरकणं, पुढचे पाय टेकून मागचा भाग उंच करणं ही खेळाची तयारी. टोकायचं ते याच क्षणी, पाठलाग सुरू झाल्यावर नव्हे. टोकणं आवाजाने आणि पट्ट्याने. करडाजवळ मार दिला तर त्याचा संबंध कुत्रा करडाशी जोडतो आणि पुढे करडांपासून लांब राहतो. असा कुत्रा राखण काय करणार?

हे जमलं की पट्ट्याऐवजी जमिनीवर लोळणारी दहा फुटांची दोरी ठेवा. काही जण पाठलाग मोडायला गळ्यात लोढणं अडकवतात. मोठ्या जनावरांत ते चालतं; करडांत नको, कारण त्याचा टोला करडांनाच बसतो आणि ते कुंपणात अडकलं तर कुत्र्याचा गळा आवळतो. या हंगामात बिनचूक वागला तरी रात्रीची मोकळीक पुढच्या वेताला.

प्रश्न : शेळी व्यायली की कुत्रा वार खातो. चालेल का? पुढे करडं खायची सवय लागेल का?

उत्तर : वार खाल्ल्याने करडं मारायची चटक लागत नाही. कळपात मुरलेली कुत्री रक्ताळलेला पालापाचोळा आणि वार साफ करतात. त्यामुळे वासावर येणारे कोल्हे आणि भटकी कुत्री कमी होतात. एका दिवशी चार-पाच शेळ्या व्यायल्या आणि सगळ्या वारी एकट्यानेच खाल्ल्या तर उलटी-जुलाब होतील, इतकंच.

तरी वार आधी तुम्ही पाहा. ती बहुधा काही तासांत पडते. १२ तासांत न पडल्यास अडकली समजून डॉक्टरांना बोलवा. कुत्र्याने नजरेआड खाल्ली तर ती पडली की आतच राहिली, हे तुम्हाला कळणार नाही. अशा शेळीचा ताप पुढचे चार दिवस सकाळ-संध्याकाळ बघा. ३९.७ अंश सेल्सियसच्या वर जाणारा ताप आणि घाण वासाचा स्राव म्हणजे गर्भाशयात बिघाड. लोंबणारी वार तुम्ही ओढू नका, कुत्र्यालाही ओढू देऊ नका. ती फाटते, आतला तुकडा सडतो. कधी गर्भाशयच बाहेर येतं.

ओल्या करडाला चिकटलेले पडदे आणि नाळ कुत्र्याला वारेसारखीच लागते, ही दुसरी अडचण. नवखा कुत्रा नाळ चघळत थेट बेंबीपर्यंत येतो आणि करडू रक्त जाऊन दगावतं. म्हणून करडू कोरडं होऊन, बेंबी ७ टक्के आयोडीनमध्ये बुडवून होईपर्यंत कुत्रा बाहेर.

शेळी गाभडली, किंवा मेलेली-अशक्त करडं झाली, तर मात्र नियम उलटा: कुत्र्याला तिथलं काहीही चाटू देऊ नका. ब्रुसेला, क्लॅमिडिया, क्यू-ताप या रोगांचे जंतू वारेत आणि स्रावात भरपूर असतात आणि ते माणसालाही लागतात. हातमोजे घाला, गरोदर स्त्रियांना त्या कप्प्यात जाऊ देऊ नका. वार आणि गर्भ थंड डब्यात ठेवून तपासणीसाठी डॉक्टरांकडे द्या. उरलेलं खोल पुरा किंवा जाळा. वरवर पुरलेलं कुत्रा त्याच रात्री उकरून काढतो.

प्रश्न : पाच वर्षांची अनुभवी कुत्री नव्या करडाला इतकं चाटते की शेळीच त्याला जवळ करत नाही. काय करावं?

उत्तर : प्रेमळ कुत्रीकडून होणारं हे नुकसान बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. शेळी करडाला ओळखते ती वासाने आणि ही ओळख व्याल्यानंतरच्या पहिल्या तास-दोन तासांत, करडाच्या अंगावरचं पाणी चाटताना पक्की होते. तेवढ्यात कुत्रीने करडू स्वच्छ केलं तर शेळीला ते परकं वाटतं. पहिलारू शेळ्यांत आणि जुळ्यांतल्या पहिल्या करडाबाबत हे जास्त घडतं, कारण शेळी दुसऱ्याच्या कळा देत असताना पहिलं करडू कुत्रीच्या ताब्यात जातं. कुत्री कितीही भरवशाची असो, करडू उठून, सड धरून, पोटभर प्यायल्याखेरीज दार उघडायचं नाही.

आता बिघडलंय ते असं सावरा. शेळीचाच स्राव किंवा दूध करडाच्या पाठीला आणि शेपटीखाली चोळा. शेळीला दावणीला बांधून पुढे खुराक ठेवा आणि दर ३–४ तासांनी करडू सडाला लावा. दोन-तीन दिवसांत बहुतेक शेळ्या घेतात. त्याआधी कास हाताने तपासा. ती कडक आणि गरम लागली तर शेळी करडाला नव्हे, दुखण्याला लाथ मारतेय. अशा वेळी आधी दगडीवर (कासेच्या सुजेवर) उपचार हवेत.

प्रश्न : एरवी गरीब असलेली शेळी व्याल्यावर कुत्र्याला ढुशा मारते.

उत्तर : मारू द्या. कुत्र्याने मागे सरकावं, हेच बरोबर. त्याला सरकायला जागा आहे ना, एवढं पाहा. कोपऱ्यात अडकलेला कुत्रा उलट चावतो.

प्रश्न : शेळी कळा देतेय, कुत्रा दाराशी भुंकतोय. किती वेळ वाट पाहायची आणि हात कधी घालायचा?

उत्तर : आधी कुत्र्याला तिच्या नजरेपलीकडे न्या. त्रासलेली शेळी कळा थांबवते आणि मग उशीर कशामुळे झाला तेच कळत नाही.

शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना पेन्सिलीसारखे लागणारे स्नायुबंध हाताला लागेनासे झाले की बहुधा २४ तासांत शेळी व्यायते. त्यानंतरची बेचैनी, जमीन उकरणं, उठबस पहिलारू शेळीत १२ तासही चालू शकते. घड्याळ लावायचं ते जोराच्या कळांपासून. अर्धा तास जोर लावून काहीच दिसलं नाही, किंवा पाण्याची पिशवी फुटून तास झाला, तर तपासा. दोन पुढचे खूर आणि त्यावर टेकलेलं नाक दिसत असेल तर तिला तिचं काम करू द्या. मागचे दोन पाय आधी आले तरी करडू निघतं, मात्र नाळ आत दाबली जाते, म्हणून कमरेपर्यंत आल्यावर रेंगाळू नये.

नखं कापा, हात कोपरापर्यंत साबणाने धुवा, मोजे घाला, वंगण भरपूर लावा. पाय पुढचा की मागचा हे सांध्यांवरून ओळखा : खुराच्या वरचे दोन्ही सांधे एकाच दिशेला वाकले तर पुढचा, विरुद्ध दिशांना वाकले तर मागचा. मग हात पायावरून खांद्यापर्यंत नेऊन दोन्ही पाय एकाच करडाचे आहेत, याची खात्री करा. जुळ्यांत एकेका करडाचा एकेक पाय हातात येतो, तसेच ओढले तर दोन्ही अडकतात. डोकं मागे वळलेलं असेल तर पाय ओढू नका. दोन कळांच्या मधे करडू हलकेच आत ढकला, डोकं वळवून आणा, मगच ओढा, तेही कळ येईल तेव्हा आणि शेळीच्या मागच्या गुडघ्यांच्या दिशेने, खाली. १५–२० मिनिटांत जमलं नाही, किंवा गर्भाशयाचं तोंडच उघडलेलं नसलं, तर हात काढा आणि डॉक्टरांना बोलवा.

प्रश्न : पहाटे एक करडू गारठलेलं सापडलं, कुत्रा त्याला कवेत घेऊन बसला होता. लगेच चीक पाजला तरी मेलं. असं का?

उत्तर : कुत्र्याची ऊब कोरड्या करडाला पुरते, ओल्याला नाही. आणि चीक बहुधा घाईने पाजला गेला. करडाच्या तोंडात बोट घाला. तोंड गार असेल तर थर्मामीटर लावा. ३७ अंशांच्या खाली असलेलं करडू चोखत-गिळत नाही. पाजलेलं फुप्फुसात जातं किंवा पोटात तसंच राहतं. आधी पुसून कोरडं करा, कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या लावा. ताप ३७.५ च्या वर गेला आणि बोट चोखू लागलं की मगच पाजा. करडू पाच तासांहून मोठं असेल तर त्याची साखरही उतरलेली असते. त्याला ऊब देण्याआधी डॉक्टरांकडून ग्लुकोज हवं, नाहीतर गरम करतानाच झटका येऊन जातं.

चिकाचं प्रमाण : एका वेळी किलो वजनामागे ५० मिलिलिटर. म्हणजे ३ किलोच्या करडाला १५० मिलिलिटर, पहिल्या सहा तासांच्या आत. २४ तासांत निदान याच्या दुप्पट जायला हवा, कारण त्यानंतर चिकातली प्रतिकारशक्ती आतड्यातून रक्तात जाणं जवळपास बंद होतं. गोठवलेला चीक ५० अंशांच्या आतल्या पाण्यात वितळवा, उकळू नका.

उबेसाठी दिवा टांगणार असाल तर वायरवर टांगू नका, साखळीने पक्का अडकवा. गवतापासून निदान मीटरभर उंच ठेवा आणि त्या कप्प्यात कुत्रा सोडू नका. त्याच्या एका धडकेने दिवा गवतात पडतो.

प्रश्न : आमची कुत्री करडू उचलून आपल्या जागेवर नेते आणि शेळीवर गुरगुरते. तिला तर पिल्लं झालेलीच नाहीत.

उत्तर : कुत्रीच्या सडांना दूध आहे का पाहा. माजानंतर ६ ते ९ आठवड्यांनी, न भरलेल्या कुत्रीलाही खोटं गाभणपण येतं आणि ती करडालाच पिल्लू मानते. दोन-तीन आठवडे तिला करडांपासून दूर ठेवा, सड पिळू नका. पिळल्याने दूध वाढतं. वंध्यीकरण करायचं तर हा काळ संपल्यावरच. आधीच हिशेब मांडायचा असेल तर सोपं आहे : शेळ्या १५० दिवसांनी व्यायतात. म्हणून शेळ्या भरल्यापासून तिसरा महिना संपताना कुत्री माजावर आली तर तिचं खोटं गाभणपण नेमकं शेळ्या विण्याच्या दिवसांत येणार.

प्रश्न : सात-आठ महिन्यांची दोन करडं एकाच दिशेने गोल फिरतात. याचा कुत्र्याशी संबंध असतो म्हणतात.

उत्तर : असू शकतो. कुत्र्याच्या आतड्यातल्या एका पट्टकृमीची अंडी विष्ठेतून चाऱ्यावर पडतात आणि करडाच्या मेंदूत पाण्याने भरलेला फोड तयार होतो. हा आजार काही आठवड्यांत हळूहळू वाढतो. दोन-चार दिवसांत ताप, एका बाजूचा कान आणि ओठ लोंबणं असं दिसलं तर तो लिस्टेरिया असू शकतो. त्यात तासांचा फरक पडतो, तेव्हा डॉक्टरांना लगेच दाखवा.

कृमीचं चक्र तोडायला कुत्र्याला कच्चं डोकं, फुप्फुस, काळीज कधीच घालू नका आणि मेलेलं जनावर त्याच्या तोंडी लागू देऊ नका. जंतनाशकात प्राझिक्वान्टेल हवं, किलोमागे ५ मिलिग्रॅम. नुसत्या आयव्हरमेक्टिन किंवा पायरँटेलने पट्टकृमी मरत नाहीत. माणसाला होणाऱ्या हायडॅटिडचा (कुत्र्यातल्या दुसऱ्या एका पट्टकृमीमुळे होणाऱ्या फोडांचा) धोका असलेल्या भागात हे औषध दर सहा आठवड्यांनी देतात, कारण तो कृमी अंडी घालायला साधारण तेवढाच वेळ घेतो.

प्रश्न : करडं कुत्र्याच्या ताटात तोंड घालतात आणि तो दात दाखवतो.

उत्तर : त्याला वेगळ्या, बंद जागी खाऊ घाला आणि पंधरा मिनिटांत ताट उचला. उलट बाजूही सांभाळा. शेळ्यांच्या खुराकात रक्ती हगवणीसाठी मोनेन्सिन मिसळलेलं असेल तर ते कुत्र्याला विषारी असतं : मागचे पाय लुळे पडतात, हृदयावर परिणाम होतो. खुराकाचं पोतं झाकणाच्या पिंपात ठेवा आणि गव्हाणीखाली सांडलेला खुराक रोज झाडून घ्या.