आधी कॅबिनेट उघड

कॉम्प्युटर शिकायचाय ना, मग व्याख्या पाठ करत बसू नकोस. ठाण्यात कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर बंद डेस्कटॉप पडलेला असतोच, तो मागून आण. वायर काढ, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धर, मग खोल. पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडायचा नाही. वायर काढल्यावरही आतले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, चार्ज धरून असतात.

सगळ्यात आधी रॅम काढ, म्हणजे चालू कामापुरती माहिती धरणारी मेमरीची पट्टी. आपल्या दमट हवेत तिच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो आणि मशीन नुसतं बीप करत राहतं. खोडरबराने हलकेच पुसून, टक वाजेपर्यंत दाबून बसव. वीज गेली की रॅम रिकामी. फाइल राहते ती डिस्कवर. जुन्या मशीनवर पैसे घालायचेच तर एसएसडी घे, म्हणजे फिरती तबकडी नसलेली जलद डिस्क.

इतिहास थोडाच पुरे. १९४६ च्या कॉम्प्युटरमध्ये, म्हणजे एनिअ‍ॅकमध्ये सुमारे १८,००० व्हॅक्यूम ट्यूब होत्या, म्हणजे विजेचा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या काचेच्या नळ्या. १९७१ च्या इंटेल ४००४ या प्रोसेसरमध्ये नखापेक्षा लहान चिपवर तेच काम करणारे सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर. आणि मुंबईतच टीआयएफआर या संशोधन संस्थेत बनलेल्या टिफ्रॅक या कॉम्प्युटरबद्दल वाच, क्लासवाले तो का गाळतात कोण जाणे.

सुटे भाग घ्यायला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जाशील तेव्हा मदरबोर्डचा, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या मुख्य पाटीचा, मॉडेल नंबर लिहून ने. रॅमच्या पिढ्या वेगळ्या असतात, डीडीआर३ च्या खाचेत डीडीआर४ बसत नाही.