कुस्को: आधी खाली उतरा, मग शहर पाहा

पेरूमधलं कुस्को हे इंकांच्या राजधानीचं शहर. तिथे जाणाऱ्यांकडून बरेच प्रश्न आले आहेत. बहुतेकांकडे तीन-चारच दिवस आहेत, म्हणून त्या बेताने उत्तरं देते.

"चार दिवस आहेत. लिमाहून सकाळच्या विमानाने कुस्को, दुपारी शहर, दुसऱ्या दिवशी पहाटे माचू पिच्चू, मग उरलेलं पाहून परत. जमेल ना?" (नाशिक)

ठिकाणं हीच ठेवा, क्रम उलटा करा. लिमा समुद्रकाठी आहे आणि कुस्को सुमारे ३,४०० मीटरवर, म्हणजे जवळपास लेहइतकं उंच. सव्वा-दीड तासाच्या उड्डाणात शरीराला या बदलाची काहीच पूर्वसूचना मिळत नाही. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण बदलत नाही, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश होतो. त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन तेवढा कमी मिळतो. उतरल्यावर पहिले काही तास छान वाटतं, माणूस उत्साहाने फिरतो आणि रात्री डोकं धरून बसतो.

त्याऐवजी विमानतळावरूनच गाडी करून उरुबांबा नदीच्या खोऱ्यात, ओयान्तायताम्बोला मुक्कामाला जा. ते गाव साधारण २,८०० मीटरवर आहे. सहाशे मीटरचा हा फरक झोपेत जाणवतो. चिंचेरोवरून जाणारा रस्ता आधी ३,७०० मीटरच्या वर चढतो, तेव्हा तिथे गाडी थांबवून चढ-उतार करू नका. दुसऱ्या दिवशी ओयान्तायताम्बोहूनच माचू पिच्चूची रेल्वे धरा. माचू पिच्चू कुस्कोपेक्षा जवळजवळ एक किलोमीटर खाली आहे, हे अनेकांना तिथे गेल्यावर कळतं. तिकीट ठरावीक वेळेचं आणि ठरावीक मार्गाचं असतं, ते इथूनच काढून ठेवा. शेवटचे दोन दिवस कुस्कोला द्या. तोवर शरीर रुळलेलं असेल आणि शहर मन लावून पाहता येईल.

"आई ६७ वर्षांची आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे. तिला न्यावं का? कोकाचा चहा घेतला की त्रास होत नाही असं ऐकलं." (सांगली)

रक्तदाब आटोक्यात असेल आणि रोजचं चालणं-फिरणं नीट असेल तर नुसत्या वयासाठी आईंना मागे ठेवू नका. मात्र निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून विचारा. "पेरूला जातोय" एवढं सांगून भागत नाही. उंचीसाठी अॅसिटाझोलामाइड ही गोळी देतात, ती साधारणपणे चढण्याच्या आदल्या दिवशी सुरू करतात. सल्फा औषधांची अॅलर्जी असेल किंवा रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. या गोळीने बोटांना मुंग्या येतात, त्याने घाबरून जाऊ नका.

कोका या झुडपाच्या पानांचा हा चहा हॉटेलात शिरताच समोर येतो. गरम असतो, थोडी तरतरी येते, जरूर प्या. पण तो औषध नव्हे, त्याच्या भरवशावर राहू नका. पानं किंवा चहाच्या पिशव्या आठवण म्हणून बॅगेत टाकू नका. पेरूमध्ये त्यांना परवानगी आहे, भारतात नाही.

डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं हे होऊ शकतं. विश्रांती घ्या, पाणी प्या, हलकं जेवा. पण बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जाऊ लागला किंवा बोलण्यात गोंधळ दिसला, तर सकाळची वाट पाहू नका. डॉक्टर गाठा आणि आजारी माणसाला खाली उतरवा.

"शहरासाठी एकच पूर्ण दिवस आहे. काय सोडू नये?" (पुणे)

सुरुवात कोरिकांचापासून करा. हे इंकांचं सूर्यमंदिर. १५३३ मध्ये स्पॅनिशांच्या कैदेतला इंका सम्राट अताहुआल्पा याच्या सुटकेसाठी सोनं गोळा केलं गेलं, तेव्हा याच्या भिंतींवरचे सोन्याचे पत्रे उचकटून नेले. सोनं घेऊनही स्पॅनिशांनी त्याला मारलंच. मग मंदिरावर सांतो दोमिंगो हा मठ उभा राहिला. १६५० आणि १९५० च्या भूकंपांत मठाची मोठी पडझड झाली, इंकांच्या भिंती जागेवर राहिल्या. का राहिल्या, ते तिथे उभं राहून समजून घ्या. भिंतीला डोळे टेकवल्यासारखं जवळून बघा. दोन दगडांमध्ये चुना नाही, माती नाही, नुसती एक रेघ आहे. मग चार पावलं मागे या. भिंत आत कललेली दिसेल, दारं आणि कोनाडे वरच्या बाजूला निमुळते दिसतील. सगळा भार आतल्या बाजूला एकमेकांवर रेललेला आहे. माझ्या मते आख्ख्या शहरात एवढं एकच पाहून आलात तरी प्रवास सार्थकी लागला.

तिथून हातुन रुमियोक गल्लीत जा. हिरवट दगडांच्या भिंतीत बारा कोनांचा एक दगड आहे, कोन स्वतः मोजा. हात मात्र लावू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये एकाने त्यावर घाव घालून कोन्याकपऱ्यांचे टवके उडवले, ते पाहून जीव तुटतो.

कॅथेड्रलमध्ये मार्कोस सापाता या चित्रकाराचं शेवटच्या भोजनाचं चित्र आहे. येशूपुढच्या ताटात भाजलेला गिनीपिग आहे, अगदी इथल्या सणाच्या जेवणासारखा. बाहेरच्या चौकात थोडं टेका. १५७२ मध्ये शेवटचा इंका राजा तुपाक अमारू याचा इथे शिरच्छेद झाला. त्याचंच नाव घेऊन बंड करणाऱ्या दुसऱ्या तुपाक अमारूला १७८१ मध्ये इथेच बायको-मुलासह मारलं.

दुपारी टेकडीवरच्या साक्सायवामान या इंकांच्या दगडी गढीला टॅक्सीने वर जा आणि पायी खाली या, उलट नको. तिथले काही दगड शंभर टनांहून जड आहेत. लहान दगड स्पॅनिशांनी शहर बांधायला नेले, कॅथेड्रलसाठीही. एकत्रित पर्यटन तिकिटात साक्सायवामान येतं. कोरिकांचा आणि कॅथेड्रलची तिकिटं वेगळी काढावी लागतात.

"आम्ही शाकाहारी. उपाशी राहू का?" (कोल्हापूर)

मुळीच नाही. बटाट्याच्या माहेरी चालला आहात! आपला "बटाटा" हा शब्द पोर्तुगीजांनी आणला, पण पीक या डोंगरांचं. पेरूमध्ये त्याच्या तीन हजारांहून जास्त जाती आहेत. सान पेद्रो बाजारात जांभळे, पिवळे, बोटासारखे लांबुळके बटाटे दिसतील. हलका, वाळलेला, खड्यासारखा दिसणारा बटाटा म्हणजे चुन्यो. रात्रीच्या थंडीत गोठवायचा, पायांनी तुडवून पाणी काढायचं, उन्हात वाळवायचा. असा तो वर्षानुवर्षं टिकतो. उकडलेलं कणीस आणि चीज कुठेही मिळतं.

"सिन कार्ने" एवढंच म्हणाल तर कोंबडी येऊ शकते. "सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो" असं तिन्ही म्हणा: मटण, कोंबडी, मासे नको. किनुआच्या सूपचं पाणी बहुतेक वेळा कोंबडीचं असतं, तेवढं विचारून घ्या.

"मुलांना जूनअखेर सुट्टी लागते. तेव्हा यावं का?" (न्यू जर्सी)

पाऊस नसतो, आकाश निळं असतं. २४ जूनला इंती रायमी हा सूर्योत्सव असतो, तेव्हा शहर गच्च भरतं. उत्सव पाहायचा तर खोली काही महिने आधी घ्या, नसेल तर जुलैचा पहिला आठवडा बघा. दिवसा ऊन चटका देतं आणि रात्री पारा शून्याजवळ जातो. मुलांच्या टोप्या आणि स्वेटर हातातल्या पिशवीतच ठेवा.