जुन्या बोलेरोच्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस घरी बदलता येतो का?

येतो, पण बाकावर पक्का बसवलेला व्हाइस (स्क्रूने आवळायचा शिकंजा) हवा. क्रॉस म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या शाफ्टच्या सांध्यातला अधिक चिन्हासारखा तुकडा; त्याच्या चारही टोकांवर सुयांच्या बेअरिंगचे टोपीसारखे कप असतात. गिअर टाकून क्लच सोडताना खालून ‘टक्’ होत असेल आणि कपाभोवती लालसर गंजाची पूड दिसत असेल, तर क्रॉस गेलाच समजा.

सोसायटीचं पार्किंग उतारावर असू शकतं. शाफ्ट सुटला की गाडी गिअरमध्ये असूनही अडत नाही, म्हणून आधी चाकांना ठोकळे लावा. फ्लँज (शाफ्ट बोल्टने जोडलेली चकती) आणि योक (क्रॉस धरणारा दोन कानांचा भाग) यांवर रंगाने खुणा करा. फिरवून जोडला गेला तर नव्या क्रॉसनेही गाडी थरथरते.

शाफ्ट उतरवून चारही सर्क्लिप (कप जागेवर धरणाऱ्या कड्या) काढा. व्हाइसमध्ये एका बाजूला कपापेक्षा लहान सॉकेट (नट खोलायच्या पान्याचा गोल तुकडा), दुसऱ्या बाजूला मोठा, असा दाब देऊन कप बाहेर काढा. घणाने ठोकलंत तर योकचे कान वाकतात.

खरी गडबड नवा कप बसवताना होते. आतल्या सुया ग्रीसने चिकटवून ठेवा. सर्क्लिपची खाच उघडी पडण्याआधीच कप अडला, तर एखादी सुई आडवी झालीय. जोर लावू नका, कप काढून सुया पुन्हा रचा. शेवटी क्रॉस हाताने सहज हलला पाहिजे. जड वाटला तर योकवर हलका ठोका द्या.

निपल (ग्रीस भरायचं तोंड) ग्रीसगन पोहोचेल अशा बाजूला ठेवा आणि चारही सीलमधून ग्रीस डोकावेपर्यंत भरा. साचलेल्या पाण्यातून गाडी गेली की पुन्हा.