एक्मोवर असलेल्या माणसाची फुफ्फुसं लगेच का बदलत नाहीत?

तुम्ही विचारलंय की न्यूमोनियानंतर ३६ वर्षांचा भाऊ १८ दिवस एक्मोवर, म्हणजे फुफ्फुसांऐवजी रक्तात ऑक्सिजन मिसळणाऱ्या यंत्रावर आहे, डॉक्टर 'अजून थांबू' म्हणतात, मग फुफ्फुसं बदलून का टाकत नाहीत? माझ्या नवऱ्याच्या वेळी हाच प्रश्न मी रोज विचारायचे, बऱ्याचदा चिडून. त्याची दोन्ही फुफ्फुसं बदलली, पण एक्मोच्या सातव्या आठवड्यात. मी डॉक्टर नाही. त्या दिवसांत जे कळत गेलं ते सांगते.

न्यूमोनिया फार बळावला की एआरडीएस होऊ शकतो, त्यात फुफ्फुसांना सूज येऊन आत पाणी भरतं, एक्स-रे पांढराफटक दिसतो. तरीही काहींची फुफ्फुसं महिन्या-दीड महिन्यानंतरसुद्धा सावरतात. आणि स्वतःच्या फुफ्फुसाची सर दुसऱ्याच्या फुफ्फुसाला नाही. प्रत्यारोपणानंतर साधारण सहा-सात वर्षांच्या पुढे निम्मेच रुग्ण जगतात. म्हणून आधी खात्री करावी लागते की आता ही फुफ्फुसं सावरणार नाहीत. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, टोरोंटोच्या सर्जननी निकष सुचवले होते: किमान ४ ते ६ आठवडे गेलेले, सीटी स्कॅनमध्ये कायमची इजा दिसणारी, बाकीचे अवयव धड, वय ६५ च्या आत. त्याच वर्षी जूनमध्ये शिकागोत डॉ. अंकित भरत यांच्या टीमनं कोविडनं फुफ्फुसं गेलेल्या एका तरुणीची दोन्ही फुफ्फुसं बदलली. पुढे अशा रुग्णांची काढलेली फुफ्फुसं तपासली, तेव्हा आत कायमचे व्रण सापडले. अपवादही आहेत. २०१६ मध्ये टोरोंटोत जंतुसंसर्ग थांबेना म्हणून एका स्त्रीची दोन्ही फुफ्फुसं आधीच काढली आणि नवी मिळेपर्यंत ६ दिवस तिला यंत्रांवर जगवलं.

पण थांबणं म्हणजे नुसतं पडून राहणं नाही, हे मला उशिरा कळलं. नवऱ्याच्या मानेजवळच्या नळीतून काळपट रक्त बाहेर जायचं, यंत्रातून लालभडक होऊन परत यायचं, आणि तशा अवस्थेत फिजिओथेरपिस्ट त्याला उभं करायचे. पलंगापासून दारापर्यंत चालायला पाच माणसं लागायची. मला ते क्रूर वाटायचं. पण स्नायू पार गळालेल्या रुग्णाला इतकी मोठी शस्त्रक्रिया झेपत नाही.

तुम्ही आजच एवढं विचारा: प्रत्यारोपण करणाऱ्या टीमला भावाचे कागद दाखवलेत का? कागद पाठवले म्हणजे ऑपरेशन ठरलं असं नसतं, पण उशिरा पाठवले तर वेळ हातची जाते. रक्त किती वेळा चढवलं तेही विचारा, कारण त्यामुळे शरीरात अँटिबॉडी वाढून जुळणारा दाता मिळणं अवघड होऊ शकतं.

नंतरचं आयुष्य कडक शिस्तीचं आहे. शरीरानं नवी फुफ्फुसं नाकारू नयेत म्हणून टॅक्रोलिमस हे औषध दर बारा तासांनी, जन्मभर. रोज सकाळी स्पायरोमीटरमध्ये, म्हणजे श्वासाची ताकद मोजणाऱ्या यंत्रात, फुंकायचं. आकडा १० टक्क्यांनी उतरला की लगेच फोन. मज्जातंतू कापले गेल्यानं नव्या फुफ्फुसात कफ साचला तरी खोकल्याची उबळ नीट येत नाही, म्हणून माझा नवरा सुरुवातीला घड्याळ लावून मुद्दाम खोकायचा. पहिल्यांदा मोठा खोकला आला तेव्हा मी रडले होते, आनंदानं.

भाऊ शुद्धीवर आहे का, त्याला उठवून बसवतात का, मूत्रपिंडं ठीक आहेत का, ते इथेच लिहा. डॉक्टरांना पुढे काय विचारायचं ते सांगेन.