सेकंडहँड मोटरसायकल सारखी बंद पडते. ठेवू की विकून टाकू?

तुम्ही लिहिलंय की गाडी घेऊन आठ महिने झाले, बॅटरी नवी टाकली, प्लग नवा, कार्बोरेटर दोनदा साफ करून घेतला, तरी अर्धा तास चालली की बंद पडते, आणि घरचे म्हणताहेत विकून मोकळा हो. एवढ्या सगळ्यात गाडीला नेमकं झालंय काय, हे कुठेच नाही. काय काय बदललं ते आहे, आजाराचं नाव नाही. ते कळत नाही तोवर ठेवायची की विकायची हे ठरवूच नका. माझं याबाबत ठाम मत आहे आणि त्यासाठी मी घरात भरपूर भांडलोय.

"विकून मोकळा हो" हे वाचलं म्हणूनच मी लिहायला बसलो. माझा मोठा भाऊ हेच म्हणायचा, याच शब्दांत.

माझी गाडी चार स्ट्रोक, एक सिलिंडर, कार्बोरेटरवाली. सेकंडहँडच घेतलेली. थंड असताना पहिल्या किकला सुरू. धूर नाही, खडखड नाही, पिकअप उत्तम. वीस-पंचवीस मिनिटं चालली की आधी एखादा झटका द्यायची, मग लागोपाठ दोन-तीन, आणि मग चालता चालता इंजिन एकदम गप्प. कडेला लावून अर्धा तास बसलं की पुन्हा पहिल्या किकला सुरू, काही झालंच नाही अशी. गॅरेजवाल्याने आधी प्लग बदलला, मग बॅटरी, मग सीडीआय (ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा), मग इग्निशन कॉइल (प्लगला जोरदार करंट देणारी). दर वेळी "आता बघा" म्हणून गाडी हातात द्यायचा आणि त्याच्या गल्लीत ती खरंच नीट चालायची. कारण उघड आहे. गाडी त्याच्याकडे पोचून तिच्यावर हात पडेपर्यंत थंड झालेली असायची आणि थंड गाडीत दोष नव्हताच. जो दोष समोर हजर नाही तो शोधायचा कसा, हा विचार करण्याऐवजी तो एकेक भाग बदलत गेला आणि बिल माझ्या नावावर चढत गेलं. तुमच्याकडे हेच चाललंय असं मला तुमच्या वर्णनावरून दिसतंय.

दादाचा सल्ला असा होता: घातलेले पैसे गेले, आणखी घालू नकोस. संध्याकाळी थंड गाडी दाखव, गिऱ्हाईक एक चक्कर मारेल, खूश होईल, घेऊन जाईल. मी म्हटलं, दादा, मला ती अशीच विकली गेली. तो म्हणाला, मग तूही तशीच विक. तिथून आमचं जे वाजलं ते वाजलं.

दोष मी शोधला तो असा. बॅगेत एक जास्तीचा प्लग, प्लगपाना आणि साधा मल्टिमीटर ठेवायला लागलो आणि गाडी बंद पडायची वाट बघायला लागलो. पडली की आधी टाकीचं झाकण उघडायचं. झाकणात हवा आत जाण्यासाठी बारीक भोक असतं. ते तुंबलं की पेट्रोल खाली उतरतं पण वरून हवा येत नाही, टाकीत ओढ तयार होते आणि थोड्या वेळाने कार्बोरेटर उपाशी राहतो. अशा वेळी झाकण उघडताच हवा आत शिरल्याचा आवाज येतो आणि गाडी लगेच सुरू होते. तुम्ही हे करून पाहिलंय का? फुकटात होतं, आणि तुमची लक्षणं याच्याशीही जुळतात. माझ्या गाडीत ते नव्हतं. मग कार्बोरेटरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल केला, पेट्रोल धो धो आलं, म्हणजे पेट्रोलचा पुरवठाही ठीक होता. मग बॅगेतला प्लग कॅपमध्ये लावून त्याची बॉडी इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवून किक मारली. ठिणगी नाही. करंटच येत नव्हता. या एका किकने कार्बोरेटर, टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारा भाग, त्याची फट बसवावी लागते), पिस्टनच्या रिंगा, पेट्रोल, सगळे संशयित बाद झाले. (पेट्रोल सांडलेलं असेल तिथे हे करू नका, स्क्रू लावा, पुसून घ्या, मग ठिणगी बघा.)

उरला फक्त विजेचा रस्ता. सीडीआय आणि इग्निशन कॉइल नवी होती, म्हणून मी पिकअप कॉइलकडे वळलो. मॅग्नेटच्या शेजारी बसलेली ही छोटी कॉइल इंजिन फिरताना ठिणगी कधी पाडायची याचा इशारा देते. तिची जोडणी सोडून मीटर लावला. थंड असताना तिथे दोनशे ओहमच्या आसपास आकडा यायचा, मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेत. आता मीटर कोरा, सर्किट तुटल्याचं दाखवत होता. मी तिथेच रस्त्याच्या कडेला दोन वायरी धरून बसून राहिलो. इंजिन निवत गेलं आणि आकडा आपसूक परत आला.

तरी खात्री हवी होती. डावं कव्हर काढून कॉइल बाहेर घेतली, जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून ठेवली, दोन्ही टोकांना मीटरचे चिमटे लावले आणि वहिनीचा हेअर ड्रायर तिच्यावर धरला. आकडा २०४ वरून चढायला लागला. २१०, २१८, २२५. इथपर्यंत काही बिघडलेलं नाही, तांबं तापलं की त्याचा रोध वाढतोच, दर दहा अंशांना साधारण चार टक्के. २३८ ला आला आणि पुढच्या क्षणी आकडाच गेला. ड्रायर बंद केला, थांबलो, आकडा परत. आत केसासारखी बारीक तार कुठेतरी तुटली होती. थंड असताना टोकं एकमेकांना टेकायची, तापून भोवतीचं प्लास्टिक फुगलं की सुटायची. वहिनीने दादाला हाक मारून बोलावलं. त्याच्यासमोर पुन्हा करून दाखवलं. त्याने बघितलं आणि म्हणाला, "सापडलं ना? मग आता तरी विक, चालू गाडीला भाव चांगला येईल."

नवी पिकअप कॉइल आणि कव्हरचं नवं गॅस्केट, एवढ्यात काम झालं. आधी बदललेल्या चार भागांच्या एकूण बिलापेक्षा हे स्वस्तात झालं. त्यानंतर त्या कारणाने गाडी कधीही बंद पडली नाही. ती आजही माझ्याकडे आहे.

आता तुमच्या गाडीबद्दल. बॅटरी नवी आहे म्हणजे विजेचा प्रश्न मिटला असं धरू नका. गाडी बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू करून थोडी रेस दिली की साधारण १३.८ ते १४.५ यायला हवेत. रेस देऊनही १३ च्या खालीच राहत असेल तर चार्जिंग होत नाहीये, आणि नवी बॅटरीही अशीच मरेल. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेलाय, तो बॅटरी उकळवेल आणि बल्ब उडवेल. आणि गरम इंजिन सुरू व्हायलाच त्रास देत असेल तर टॅपेट बघा. लोक टॅपेटच्या आवाजाला घाबरतात, मी गप्प टॅपेटला घाबरतो. व्हॉल्व्ह आणि तो जिथे मिटून बसतो ती सीट झिजत जातात तशी टॅपेटची फट कमी होते, आवाज छान बंद होतो, मग इंजिन तापलं की व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही, कॉम्प्रेशन गळतं, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळायला लागतो. फट मोजायला फिलर गेज (पातळ पात्यांचं माप) लागते आणि इंजिन थंड लागतं. गरम इंजिनावर टॅपेट "कानाने" बसवून देणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.

विकावी कधी? चॅसिस वाकलेली किंवा चिरलेली असेल तर लगेच. इंजिन किंवा चॅसिस नंबर कागदांशी जुळत नसेल तरीही, पण ती दुसऱ्याच्या गळ्यात मारायची नाही, ज्याने दिली त्याच्याकडेच परत. दुसरा गिअर ताण आला की सुटत असेल तर बहुतेक एक-सिलिंडर गाड्यांत इंजिन पूर्ण उघडून त्याचं बाहेरचं कवच दोन भागांत सोडवावं लागतं. ते पैसे आणि तो भाग मिळण्याची शक्यता, दोन्ही बघून ठरवा. रेस देताना सतत निळा धूर येत असेल तर रिंगा किंवा बोअरचं (सिलिंडरच्या आतल्या भिंतीचं) काम आहे. नुसता सकाळी सुरू करताना भपका येऊन थांबत असेल तर बहुधा व्हॉल्व्ह सील, तेवढ्यासाठी गाडी विकू नका. बाकी वायर, कॉइल, कार्बोरेटरचा जेट, झाकण, कनेक्टर, यासाठी गाडी विकणं मला मुळीच पटत नाही.

कारण विकून तुम्ही जाणार कुठे? पुन्हा जुन्याच बाजारात. जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण घेऊनच हे मांडलं होतं: विकणाऱ्याला दोष ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो, म्हणून घेणारा प्रत्येक गाडी संशयास्पद धरून भाव पाडतो, आणि त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायलाच तयार होत नाही. २००१ मध्ये त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते अशाच कामासाठी, आणखी दोघांबरोबर. आपल्यापुरता अर्थ एवढाच की तुमची गाडी खराब म्हणून स्वस्तात जाईल आणि तिच्या जागी जी येईल तिच्यात काय लपलंय हे तुम्हाला पुन्हा शून्यापासून कळायला लागेल. ज्या गाडीचा प्रत्येक बोल्ट मी उघडलाय तिची मला माहिती आहे. अनोळखी गाडीची नाही. दादा ही माहिती हिशोबात धरतच नव्हता.

त्याचं अर्धं म्हणणं बरोबर होतं, हेही सांगतो. घातलेले पैसे गेले, ते वसूल करायचे म्हणून गाडी ठेवू नका. पण मग सोसलेला त्रासही गेलाच की. तिने तीनदा भर उन्हात ढकलायला लावलं म्हणून चिडून विकणं हाही तोच घोटाळा. पुढचा खर्च किती, त्यानंतर गाडी कशी चालेल, आणि तेवढ्याच पैशात बाहेर काय मिळेल, एवढंच बघायचं.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. माझ्याकडे कामावर जायला दुसरी सोय होती. तुमची रोजची भिस्त या एकाच गाडीवर असेल आणि उशीर झाला की पगार कापला जात असेल, तर महिनाभर शोध घेत बसा हा सल्ला तुम्हाला लागू नाही. एक ठरावीक मुदत घाला, तेवढ्यात दोष सापडला तर ठीक, नाहीतर द्या. दुसरं, चालता चालता बंद पडणारी गाडी ओव्हरटेक करताना, मागे ट्रक असताना, जीव घेऊ शकते. दोष सापडेपर्यंत तिला वेगवान रस्त्यावर नेऊ नका आणि मागे कुणाला बसवू नका. तिसरं, तुमची गाडी कार्बोरेटरवाली आहे म्हणून मी हे सगळं त्या हिशोबाने लिहिलं. इंजेक्शनच्या गाडीत पिकअप कॉइलचं काम क्रँक सेन्सर करतो, तोही तापून असाच दगा देतो, पण तिथे पेट्रोल पंपाचा दाबही तपासावा लागतो.

आणि एवढं करून विकायचीच ठरली, तर दोष सांगून विका. दादा म्हणतो, व्यवहारात असं कुणी करत नाही. करतात. गाडी गरम करून दाखवा, बंद पडू द्या, काय काय तपासलं आणि काय काय बदललं ते कागदावर लिहून बिलांसकट हातात द्या. भाव कमी येईल. पण घेणारा बहुधा स्वतः हात घालणारा असेल, आणि त्याला तो कागद शंभर टेस्ट राइडपेक्षा उपयोगी पडेल. मला माझी गाडी देणाऱ्याने "गरम झाली की बंद पडते" एवढं एक वाक्य सांगितलं असतं तरी मी ती घेतली असती, फक्त कमी पैशात, आणि पहिल्याच आठवड्यात पिकअप कॉइल तपासली असती.

झाकण उघडून पाहिल्यावर काय झालं आणि बंद पडल्यावर प्लगला ठिणगी येते का, हे दोन्ही इथे खाली लिहा. पुढचं त्यावरून सांगतो.